कांताचं नापास येसर

कांते, तुझा फोटो छापलेल्या कापडी पिशव्या शिवायची ऑर्डर माझ्याकडे आली. तू जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते. भागीदारीच्या ऑफिसातली मुलगी फोनवर म्हणाली, "मावशी, कांताबाईंच्या नावानं येसराचं पाकीट काढायचंय. त्याच्यासोबत पिशवी द्यायची. साहेब म्हणाले, शाहीनबाईंनाच सांगा, त्यांची मैत्री होती ना."

मैत्री होती ना! मी म्हणाले, "साहेबांना सांग, शाहीनची मशीन बिघडलीय." ती बिचारी म्हणाली, "कधी दुरुस्त होईल?" मी म्हणाले, "साहेब तिथं आहेत तोवर काही होईल असं वाटत नाही."

तू शेजारी असतीस तर माझ्या दंडाला चिमटा काढला असतास. म्हणाली असतीस, "त्या पोरीवर कामून वरडतीस? तिचा काय दोष?" दोष तिचा नव्हताच. पण ज्याचा होता तो स्वतः फोन करत नाही, हे तुला कधीच दिसलं नाही.

तुझ्या मयतीला पिशोरहून आलेल्या तुझ्या माहेरच्या बायका मला विचारत होत्या, "ही भागीदारी म्हंजी काय असतंय गं?" मी सांगितलं. शहरातला एक ट्रस्ट, चार कारखानदार, एक कॉलेज आणि आमच्यासारख्या घरात बसून पापड, मसाले, शिवणकाम करणाऱ्या बाया, अशा सगळ्यांनी मिळून काढलेलं काम. मुकुंदवाडीत स्टेशनजवळ एक पत्र्याचं शेड, त्यात भाजायची, दळायची, पाकिटं बंद करायची यंत्रं, आणि अधूनमधून प्रदर्शन. जागा त्यांची, हात आमचे. एवढं सांगून मी गप्प बसले. पुढचं सांगितलं असतं तर तुझ्या मयतीतच भांडण झालं असतं, आणि तेव्हा माझ्यात ताकद नव्हती.

आता आहे.

आधी जे चांगलं आहे ते सांगून टाकते, नाहीतर तू म्हणशील शाहीनला फक्त शिव्याच येतात. ते शेड नसतं तर तू मला भेटली नसतीस. तू पुंडलिकनगरात, मी मुकुंदवाडीत, मधे फार तर रिक्षाचं अंतर. पण तू तुझ्या चुलीपाशी, मी माझ्या मशिनीपाशी, आणि दोघी आपापल्या भिंतीकडे तोंड करून. पहिल्या दिवशी भागीदारी चालवणाऱ्या साहेबांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि एकेकीला उठवून विचारलं, तुमचा व्यवसाय काय. कुणी म्हणाली गृहउद्योग, कुणी म्हणाली उद्योजिका, आदल्या दिवशी पाठ करून आल्यासारख्या. तुझी पाळी आली. तू उठलीस, पदर सावरलास आणि म्हणालीस, "धंदा नाय करत. येसर करते." मी खुदकन हसले. तू वळून माझ्याकडे बघितलंस आणि तूही हसलीस. त्या साहेबांना यातलं काही कळलं नाही, ते वहीत 'मसाले' असं लिहून पुढे गेले.

येसर म्हणजे मसाला नाही, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. धान्य आणि डाळ भाजायची, धणे, खोबरं, खडा मसाला भाजायचा, सगळं दळून ठेवायचं, आणि मग पाहुणा दारात उभा राहिला तरी घाई नाही. उकळत्या पाण्यात मूठभर येसर सोडलं की आमटी तयार. आमच्या घरी येसर नव्हतं. तुझ्यामुळे आलं. माझी सासू, जी कुणाच्याच हातचं चांगलं म्हणत नाही, ती वाटी पुढे करून म्हणाली, "ये कांता को बोल, अगली बार जरा जादा दे." तुला मी हे सांगितलं तेव्हा तू दिवसभर कुणालाही कारण न सांगता खूश होतीस.

आणि प्रदर्शनातली तुझी ती खोड. आपल्या ओळीतल्या सगळ्या बायांची बोहनी झाल्याशिवाय तू दुसरं पाकीट विकायची नाहीस. गिऱ्हाईक तुझ्यापुढे उभं, हात पुढे केलेला, आणि तू त्याला सांगायचीस, "ताई, त्या कोपऱ्यातल्या पोरीकडं लोणचं हाय, लई चांगलं हाय, आधी तिची बोहनी करून या, मग मी देते." अर्धी गिऱ्हाईकं परत यायची नाहीत. मी कपाळावर हात मारायचे. "अगं, तू दुकान मांडलंयस का अन्नछत्र?" तू म्हणायचीस, "शेजारची तोंड पाडून बसली आन् आपण विकत बसायचं, मला नाय जमत." नंतर नंतर आपल्या ओळीतल्या सगळ्याच बाया तसं करू लागल्या. मीसुद्धा. दात-ओठ खात, पण करू लागले. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हणणार नव्हते.

बरं, चांगलं सांगून झालं.

आपल्या साहेबांना आपण नारळसाहेब म्हणायचो, तो शब्द तुझाच. शेडमधल्या प्रत्येक वस्तूपुढे त्यांनी नारळ फोडला होता. चाळणी आली, नारळ. वजनकाटा आला, नारळ. तू एकदा माझ्या कानात म्हणालीस, "उद्या माझ्या डोक्यावर नाय फोडला म्हंजी मिळवली." आणि तेच झालं की गं. फक्त तू हूं की चूं केलं नाहीस.

येसर सगळ्यात जास्त खपायला लागलं तेव्हा ते तुझ्याकडे हात जोडून आले. कांताताई, ही चव सगळ्यांची होऊ दे. एकच नाव, एकच पाकीट, सगळ्या बाया मिळून करतील, तुम्ही फक्त शिकवा. कॉलेजची दोन पोरं आली, तुझ्या चुलीशेजारी उभी राहिली, किती वेळ भाजलं, किती घातलं, सगळं विचारत राहिली. तू सांगत राहिलीस. मी तुला डोळ्यांनी खुणावत होते. नंतर रिक्षा स्टँडवर आपलं भांडण झालं, आठवतं? मी म्हणाले, "एक तरी गोष्ट हातची राखायची होतीस." तू म्हणालीस, "कशाला? माझ्या आईनं मला राखून सांगितलं असतं तर मला आलं असतं का?" मी म्हणाले, "ती आई होती. हा माणूस तुझा कोण?" तू म्हणालीस, "शाहीन, लई संशय खातीस तू." रिक्षावाला थांबून आपलं ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "बसताय का, का मीच उतरू?" आपण हसलो आणि बसलो. ते भांडण तिथंच अर्धवट राहिलं.

पुढे भाजायचं मोठं यंत्र आलं. नारळ फुटला. फुगे लावले. तुझ्या हातून बटण दाबून घेतलं, फोटो काढला. आणि मग पुढच्याच महिन्यात तुझं येसर परत आलं.

मी हे नीट सांगणार आहे, कारण तू ते कुणालाच नीट सांगितलं नाहीस. तू नेहमीप्रमाणे घरी चुलीवर भाजून, दळून, पोती भरून शेडमध्ये पाठवलंस. त्यांनी ते तपासलं. यंत्रातल्या येसराचा नमुना एका बरणीत भरून ठेवलेला होता, त्याच्याशी ताडून बघितलं. रंग जुळला नाही. म्हणाले, एकसारखेपणा नाही. आणि टेम्पोत घालून पोती तुझ्या दारात आणून टाकली. कांताचं येसर कांताच्या येसरासारखं नाही म्हणून नापास! ज्या बाईकडून शिकले तिलाच नापास केलं, आणि वर निरोप काय, "ताई, मनाला लावून घेऊ नका, तुम्ही आता मार्गदर्शक आहात." म्हणजे प्रदर्शनाला यायचं, खुर्चीवर बसायचं, फेटा बांधून घ्यायचा आणि चुलीला हात लावायचा नाही.

मी धावत आले तेव्हा तू ओसरीत पोत्यांशेजारी बसली होतीस. मला वाटलं रडत असशील. तू डबे धुऊन पुसत होतीस. म्हणालीस, "बरं झालं. गल्लीत वाटून टाकू. लोकांना तेवढंच." आणि खरंच सगळी गल्ली फिरलीस, प्रत्येक घरी डबा भरून. कुणी विचारलं तर म्हणायचीस, "जास्तीचं झालंय." मला सगळ्यात मोठा डबा दिलास. मी म्हणाले, "मी त्या माणसाच्या अंगणात जाऊन हे ओतून येते." तू म्हणालीस, "अन्न हाय ते, शाहीन." मग तू आत गेलीस. बराच वेळ बाहेर आली नाहीस. त्या दिवसानंतर तुझी चूल पुन्हा येसरासाठी पेटली नाही, हे मी सोडून कुणाच्या लक्षात आलं का? तुझ्या नवऱ्याच्या, ज्ञानदेवभाऊंच्यासुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं होतं. असेल. मला डॉक्टरशी वाद घालायचा नाही. माझा वाद ज्याच्याशी आहे तो मला माहीत आहे.

दहाव्याला मी तुझ्या सासरच्या गावी आले होते. बायकांच्या घोळक्यात, जरा मागे. आमच्यात कावळ्याचं काही नसतं, पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष त्या कावळ्याकडे होतं. नारळसाहेबही आले होते, पांढरे कपडे, काळा चष्मा. मी मनात म्हणत होते, कांते, येऊ देऊ नकोस त्याला. अडवून धर. सगळे विचारतील, हिची इच्छा कशात अडकली? पोरीला बघू म्हणतील, नवऱ्याला सांभाळू म्हणतील, तरी येऊ देऊ नकोस. मग कुणीतरी म्हणेल, ज्यानं येसर परत धाडलं त्याला पुढं करा. त्याला उन्हात उभा कर, हात जोडायला लाव, माफी मागायला लाव. मी दुपट्ट्याची गाठ मुठीत घट्ट धरून उभी होते.

आणि कावळा आला. पिंड ठेवला, माणसं चार पावलं मागं सरली आणि आला. कुणाला काही बोलायचीसुद्धा वेळ दिली नाहीस. लोक म्हणाले, मोठी समाधानी बाई. मला तुझा इतका राग आला की मी कुणाशी न बोलता एसटी पकडली. तुझी काही इच्छा उरली नव्हती. ठीक आहे. माझी उरली होती.

त्याच आठवड्यात तो पिशव्यांचा फोन आला. मग कळलं की साहेब तुझ्या घरी येऊन गेले. कांताबाईंचं नाव अमर करू म्हणाले, पाकिटावर त्यांचा फोटो, कपाळावर मोठं कुंकू, खाली 'कांताबाईंच्या हातची चव'. फक्त घरच्यांचा होकार पाहिजे. ज्ञानदेवभाऊ भोळे. ते म्हणाले, "माणूस मोठा हाय, आपल्या दारात आला. तिचं नाव होतंय." होकार देऊन बसले. तुझी लेक वर्षा सासरहून आलेली होती. मी तिच्याकडे बघितलं, तिनं खाली बघितलं. मी ठरवलं, तुझ्या हातचं नापास करणाऱ्याच्या पाकिटावर तुझा चेहरा जाणार नाही. मी जिवंत असताना तर नाहीच.

आता तेराव्याचं ऐक. तुला आवडणार नाही, तरी ऐक.

तू दिलेला तो मोठा डबा माझ्याकडे होता. मी तो उघडला नव्हता. का ठेवला होता म्हणशील तर रागानं ठेवला होता, दुसरं काही कारण नाही. तेराव्याच्या सकाळी मी तो घेऊन तुझ्या घरी गेले आणि आमटीच्या पातेल्यापाशी उभ्या असलेल्या तुझ्या धाकट्या जावेला म्हणाले, "येसर हे घाल." तिनं वास घेतला आणि तिचे डोळे भरले. मूठ भरून तिनं ते पातेल्यात सोडलं. पंगत बसली तेव्हा मी आमटी वाढायला उभी राहिले. तुझ्या थोरल्या जावेनं नाक मुरडलं. वर्षानं बादली आणि ओगराळं आणून सरळ माझ्या हातात दिलं. म्हणाली, "मावशीच वाढणार." तेव्हा मला कळलं की पोर तुझ्यावर गेलेली नाही.

साहेब पहिल्या ओळीत. सोबत फोटो काढणारा. मी त्यांच्या पानात आमटी वाढली. त्यांनी भात कालवला, घास घेतला, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाले, "वा! हीच ती चव. ज्ञानदेवराव, हीच चव आपल्याला घरोघर न्यायची आहे. आपल्या पाकिटातलंच ना हे?"

मी म्हणाले, "नाय साहेब. हे कांतानं भाजलेलं. तुम्ही टेम्पोत घालून परत धाडलं होतं ना, तेच. नापास झालेलं."

त्यांच्या तोंडात घास होता. कांते, तो घास त्यांना गिळवेना आणि टाकवेना. ते म्हणाले, "तो, तो तांत्रिक भाग होता. नमुन्याशी जुळण्याचा." तेवढ्यात पिशोरची तुझी म्हातारी आत्या पलीकडून म्हणाली, "म्हंजी? कांताचं येसर कांताच्या येसरावाणी नव्हतं व्हय?"

आधी एक पोरगी हसली. मग दुसरी. मग शेडमधल्या आपल्या सगळ्या बाया, ज्या आजवर त्या माणसापुढे मान वर करत नव्हत्या, पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तेराव्याला! तुझ्या तेराव्याला पंगत हसत होती आणि साहेबांचं तोंड कुंकवासारखं लाल झालं होतं.

मी थांबायला हवं होतं. तू थांबली असतीस. पण मी तिथंच उभी राहिले आणि म्हणाले, "घ्या साहेब, अजून घ्या. तुम्हाला आवडली ना." आणि ओगराळं भरून वाढलं. तेराव्याचं जेवण, पानात टाकता येत नाही. त्यांनी संपवलं की मी पुन्हा वाढलं. "आमच्या कांतासाठी एवढं घ्याच." इतक्या मनापासून आग्रह करून मी आयुष्यात कुणाला जेवू घातलं नाही. साहेब घाम पुसत होते आणि खात होते. फोटोवाल्यानं कॅमेरा कधीच पिशवीत घातला होता. मला किती बरं वाटलं हे मी तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते म्हणतील बाई दुष्ट आहे. आहे मी दुष्ट. मला त्या प्रत्येक घासाला तुझी ती ओसरी दिसत होती, आणि पोती, आणि तू डबे पुसत बसलेली.

ते हात धुऊन गेले, कुणाचा निरोप न घेता. ज्ञानदेवभाऊ माझ्यावर चिडले. "दारात आलेल्या माणसाला असं करतात का? ती असती तर—" ते रडायला लागले. तू गेल्यापासून ते पहिल्यांदा रडले, असं वर्षा म्हणाली. मग डोळे पुसून त्यांनी तिला विचारलं, "खरंच परत धाडलं होतं व्हय? मला म्हणली होती, जास्तीचं झालंय." वर्षानं मान डोलावली. ते तुझ्या चुलीपाशी जाऊन बसले. मग म्हणाले, "फोटो नाय म्हणून सांग त्यांना."

वर्षानं तिथंच फोन लावला. स्वच्छ आवाजात सांगितलं, आईचा फोटो मिळणार नाही, नावही मिळणार नाही, आणि छापलं असेल तर आम्ही दारात येऊ. फोन ठेवला आणि मोठं पातेलं घासायला बसली. मीही बसले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मावशी, आज जे झालं ते आईला आवडलं असतं का गं?"

मी म्हणाले, "नाही. लई बोलली असती मला."

ती म्हणाली, "मला आवडलं."

तर असं झालं, कांते. त्या माणसाचं काम झालं. त्यानं पुन्हा डोकं वर काढलं तर मी आहेच, आता शेडमधल्या बायाही आहेत, आणि वर्षा तर माझ्यापेक्षा वाईट निघाली. सुडानं मन शांत होतं म्हणतात, तसं झालंही. दोन दिवस मी गाणं गुणगुणत मशीन चालवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुपट्टा घेतला, चप्पल घातली आणि रिक्षात बसून पुंडलिकनगर म्हणाले. तुला सगळं सांगायला निघाले होते. त्याच्या तोंडातला तो घास, तुझ्या आत्याचं बोलणं, मी केलेला आग्रह, सगळं. तू आधी माझ्यावर ओरडली असतीस, चिमटा काढला असतास, आणि मग तिकडे तोंड करून हसली असतीस, मला दिसू नये म्हणून. चौकात आल्यावर मला आठवलं. रिक्षावाला विचारत होता, "कुठं उतरायचं, खाला?" आणि मला सांगता येईना.